कणी राहिलेला भात

माय, गेल्या रविवारी मी नांदेडहून एस.टी.नं लातूरला गेलो होतो, तुझ्या नातवाच्या हातचं जेवायला. तू गेलीस तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आता चोवीसचा झालाय. डॉक्टर व्हावा म्हणून मी त्याला लातूरच्या क्लासला घातलं होतं. दोनदा परीक्षा देऊन झाली आणि तिसऱ्यांदा फॉर्म भरायच्या वेळी त्यानं सांगितलं, मी स्वयंपाक शिकणार. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत आलो. आता तो लातुरातल्या एका नव्या हॉटेलात इटलीकडचं जेवण बनवतो. तुझी सून म्हणाली, "एकदा खाऊन तर या. नाही आवडलं तर तसं सांगा, पण न खाताच किती दिवस रुसून बसणार?" म्हणून गेलो.

हॉटेलात दिवसाही उजेड कमी. मेनूकार्डातलं एकही नाव मला धड वाचता येईना. तेवढ्यात तोच आतून आला, पांढरा ॲप्रन बांधलेला. "राहू द्या बाबा, मी आणतो," म्हणाला. बऱ्याच वेळानं त्यानं पसरट ताटलीत भात आणून ठेवला. याला रिझोटो म्हणतात, समोर उभं राहून वीस मिनिटं ढवळावा लागतो, असं त्यानं सांगितलं. वरून मशरूम, चीज. दिसायला आजाऱ्याला देतात तसला गुरगुट्या भात. पहिलाच घास घेतला आणि शीत दाताखाली कचकन लागलं.

"कणी राहिली," मी म्हणालो.

"तशीच ठेवायची असते, बाबा. पार शिजला तर आमच्याकडं गिऱ्हाईक परत पाठवतात."

मला तुझी शिकायला आलेल्या पोरांची खानावळ आठवली. मी अकरावीला आहे, तू तापानं फणफणलेली, आणि भाताचं पातेलं मी घाईनं उतरवलंय. पंगतीतली पोरं मुकाट्यानं गिळतायत, एकानं ताट सारलंय. तू भिंत धरत येतेस, एक शीत चिमटीत दाबून बघतेस. "आईबाप सोडून आलेली लेकरं हायेत ही. त्यांच्या पोटात कच्चं घालतूस?" सगळ्यांसमोर बोललीस. मग तापातच दुसरा भात लावलास, स्वतः वाढलास. पोरं उठल्यावर मला म्हणालीस, "उद्यापून चुलीकडं फिरकायचं न्हाई. तू पुस्तकं बघ. हे काम माझ्यावरच संपू दे." मी पुस्तकं बघितली. सरकारी नोकरी लागली. काम तुझ्यावरच संपलं, असं मी धरून चाललो होतो.

हे सगळं मी त्याला तिथं बसूनच सांगितलं. "तुझ्या आजीनं हे काम आपल्या घरातून काढलं आणि तू ते परत आणलंस," असंही म्हणालो. तो ओल्या फडक्याला हात पुसत होता. म्हणाला, "आजीला दुसरं काही करायला मिळालंच न्हाई, बाबा. मला मिळालं असतं. तरी मी हेच घेतलं." आवाज चढवला नाही. मी खात राहिलो. चीजचा वास मला शेवटपर्यंत झेपला नाही, पण ताटली रिकामी केली. कसा झाला, त्यानं विचारलं. "मला काही हा भात जमायचा न्हाई," मी म्हणालो, "पण हात चांगला हाय तुझा." त्यानं मान हलवली. आतून हाक आली तसा गेला. सहाच्या गाडीनं मी परत आलो.

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर हे कुठं पाठवायचा प्रश्नच नाही. एक मात्र सांगायचं राहून गेलं होतं. नोकरीच्या अर्जावर आईचा व्यवसाय विचारला होता. वीस वर्षं तू रोज चाळीस पोरांना जेवू घातलंस आणि मी त्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं. अर्ज पोस्टात टाकायला तूच घेऊन निघालीस. दारात थांबून तू विचारलंस, "माझ्याबद्दल काय लिहिलंस रे?" मी म्हणालो, "तुझं नाव लिहिलं."