चित्राचं वाचन कोण ऐकणार

मी, वसुधा गुरुनाथ केळशीकर, निवृत्त शिक्षिका, राहणार सेक्टर पंधरा, चंदीगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डॉक्टरांनी आशा सोडली असली तरी डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकतील ते सगळे मला घाबरतात.

१. घर व बँकेतील ठेव मुलगा नरेश यास मिळावी.

२. रविवारच्या मराठी वर्गाची गोष्टींची पुस्तकं नात चित्रा, वय सात, हिला. माझ्या जुन्या सहकारी शालिनीबाई यांना त्यातलं एकही देऊ नये. त्या घड्याळ लावून मुलांना वाचायला लावतात. वाघ येवो की वरात, मुलाचा सूर एकच. यावरून आमची बोलचाल बंद झाली, ती बंदच राहू दे.

३. माझी परीक्षा वेगळी होती. शेजारच्या बीजी, हरबन्स कौर, यांना मराठी येत नाही. मूल त्यांच्यासमोर वेताच्या मुढ्यावर बसून गोष्ट वाचायचं आणि बीजी योग्य जागी हसल्या की पास. चित्राने भांडखोर सासूची गोष्ट वाचली तेव्हा बीजी पोट धरून हसल्या. "हाय रब्बा, ए तां मेरी सस्स ए!"

४. यंदा बैसाखीनंतर साध्या वेशातले पोलीस बीजींच्या मुलाला घरातून घेऊन गेले. आम्ही चित्राला दाराआड धरून "चूप, आवाज नको" म्हणत राहिलो. तो परतला नाही. बीजी हसत नाहीत आणि चित्रा तेव्हापासून ओठांतल्या ओठांत वाचते. मी लाडीगोडी लावली, रागावले, सोंगंही काढली. मुलांना वाचतं करण्यात जन्म गेला आणि घरच्या पोरीपुढे हात टेकले. याचं फार वाईट वाटतं.

५. साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही असं वकील म्हणतात, आणि मला बीजींचीच सही हवी. म्हणून त्यांना देणं काही नाही, मागणंच आहे. बीजी, माझ्यामागे चित्राचं वाचन ऐकत जा. नरेशने तिला "मोठ्याने वाच" म्हणून दटावू नये.

सहीपूर्वी हा मजकूर बीजींना हिंदीत सांगितला. पाचवं कलम त्यांना चित्राकडूनच ऐकायचं होतं. तिने वाचलं. बीजी कान तिच्या तोंडाशी नेऊन म्हणाल्या, "पुत्त, मैनूं सुणदा नहीं." चित्राने मान खाली घालून पुन्हा तसंच वाचलं.

"होर की करिए, भैणजी?" आणखी काय करायचं, असं बीजींनी मला विचारलं. मी पाचवं कलम तसंच ठेवलं आणि सही केली.

वसुधा गुरुनाथ केळशीकर

साक्षीदार:
हरबन्स कौर (सही गुरुमुखीत)
डॉ. वामन साठ्ये

चंदीगड, ४ ऑक्टोबर १९९१