औषधाला बाटली

२७ ऑक्टोबर १९६६

कोळीवाड्यातली नवसी आजही औषधाशिवाय परत आली! डॉक्टर आले नव्हते का? आले होते. औषधही होतं. मग?

"बाटली नाय ना, बाय."

मला आधी कळेचना. दर गुरुवारी घिवलीच्या वेशीवर फिरत्या दवाखान्याची गाडी येते. औषध फुकट, पण पातळ औषधाला बाटली आपली आपण न्यायची. नवसीच्या घरात एकच बाटली – रॉकेलची. मागच्या खेपेला ती नेली, तर कंपाउंडर पंढरी म्हणाला, "ह्यात औषध घालू की वात?" आज तांब्या नेला. "तांब्यावर डोसाची पट्टी कुठं चिकटवू?"

तिची चिमी चार वर्षांची. दिवसाआड हुडहुडी भरून ताप. मधल्या दिवशी इथे माझ्याच ओट्यावर खेळते. पालघरच्या इस्पितळात नेऊ या म्हटलं, तर – "बोंबील कोन सुकवील? गाडी दारात येते की."

तिला गुलाबपाण्याची रिकामी बाटली दिली. तरी जाईना. "आमच्या शकूकडं पन नाय, बाय. कोनाकडंच नाय." शकू म्हणजे तिची जाऊ.

पन्नाशी कधीच ओलांडली मी. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

२८ ऑक्टोबर

कपाट उपसलं. कोलनवॉटर, माक्याचं तेल, ह्यांच्या खोकल्याचं औषध. हे ओरडले, "अगं, संपायची वाट तरी बघ!"

मागे एक निळी कुपी सापडली. कॉन्व्हेंट शाळा सोडताना सिस्टर आग्नेसनी दिलेली, लव्हेंडरची. बूच काढलं की अजून वास येतो – की मलाच येतो? आम्ही मुली ओळीने उभ्या राहायचो, जीभ बाहेर. सिस्टर एकाच मोठ्या बाटलीतून सगळ्यांना कॉडलिव्हर ऑइल पाजायच्या. बाटली आणली का, असं कुणी विचारलं नाही आम्हाला.

कुपी ठेवावी की द्यावी? दिली.

३१ ऑक्टोबर

आज काय केलं मी! वीजकेंद्राच्या बांधकामावर हे नोकरीला, तिथल्या गोऱ्या इंजिनियरांची वसाहत जवळच. मी गेले सरळ, एका बंगल्याचं दार वाजवलं. मेमसाहेब तिशीची असेल. एम्प्टी बॉटल्स हव्यात म्हटलं. ती आत गेली आणि एक भरलेली घेऊन आली – वर डोळा मिचकावला. मिस्टरांसाठी का, म्हणाली.

दारूबंदीच्या राज्यात मी, कॉन्व्हेंटची मुलगी, हातात व्हिस्की! "एम्प्टी, प्लीज, एम्प्टी!" मग तिला सगळं समजावून सांगितलं. तिने शेजारणींना हाका मारल्या. दोन गोण्या भरून मिळाल्या. गड्याच्या डोक्यावर गोण्या खळखळत होत्या आणि मी पुढे मान ताठ करून.

सिस्टरनी घोटून घेतलेलं इंग्रजी शेवटी ह्या कामी आलं.

२ नोव्हेंबर

दिवसभर नवसीच्या अंगणात. बाटलीत वाळू आणि राख घालून खळखळवायचं, मग उकळतं पाणी. बोंबील सुकवायच्या दोरीवर बाटल्या उलट्या टांगल्या. उन्हात अशा चमकत होत्या की रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

शकूचा नवरा रामा एकेक बाटलीचा वास घेत फिरला. "बाय, औषध ऱ्हाऊ दे. ही आशीच द्या."

"वासानंच झिंगला बगा," शकू म्हणाली, "उद्या होडीत उलटा बसंल."

किती हसलो! आतल्या खोलीत चिमी गोधडीखाली कुडकुडत होती. उद्या औषध.

३ नोव्हेंबर, दुपार

सगळ्या बाया ओळीने वेशीकडे, प्रत्येकीच्या हातात बाटली. साखरबाई म्हातारी, तिने तर बाटली पदरात तान्ह्या पोरासारखी धरलेली. पंढरीने डोळे विस्फारले, पण कुणाला परत पाठवता येईना.

नवसी शेवटी आली. होडी उशिरा लागली, मासळी उतरवून मग निघाली ती, कडेवर चिमी. तोवर औषध संपलं होतं. गोळ्यासुद्धा.

पंढरी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाई, निम्मी माणसं बाटलीपायी परत जायची, म्हणून तर पुरत होतं."

डॉक्टरांनी चिमीच्या पोटावर हात ठेवून पाहिलं. "हिला पालघरला न्या. गुरुवारची वाट बघू नका."

३ नोव्हेंबर, दिवेलागण

उद्या सकाळची एस. टी. धरू, असं सांगायला गेले. नवसी हसत दारात. "आता कशाला पालघर? ह्या बगा." बाटली भरलेली! शकूने, साखरबाईने, सगळ्यांनी आपापल्या औषधातला एकेक डोस तिला ओतून दिला होता. खोकल्याचं, पोटाचं, खरजेला लावायचंसुद्धा. तळाशी गुलाबी, वर पांढरं. चमचा चिमीच्या ओठाशी.

मी बाटली हिसकावली आणि अंगणात उपडी केली.

शकूने माझ्याकडे पाहिलंच नाही. मी का ओतून टाकलं ते सांगितलं, पुन्हा सांगितलं. चिमीचे ओठ पदराने पुसत नवसी म्हणाली, "येते सकाळी. बाटली तेवडी द्या, बाय. तिथं पन मागतील."