शून्य माणसांचा थांबा

चि. नातवास,

अनेक आशीर्वाद. मी तुझ्या आईची आई. ओळख द्यावी लागते, कारण आठ महिन्यांत तुझा फोन नाही. म्हटलं, विसरला असशील. तब्येत बरी ना? इकडे तुझ्या आजोबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालूच आहे. पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लिहून देताहेत. (बोलते तसंच लिहा म्हटलंय, पण त्या माझ्या शिव्या गाळतात.)

तर गेल्या सोमवारी आमच्या बसथांब्यावर कागद चिकटला. बाईंनी वाचून दाखवला. बसच्या कार्डाची योजना यशस्वी झाली, कुठे किती माणसं चढतात ते आता नेमकं कळतं, आणि या थांब्यावर शून्य चढतात, म्हणून एक तारखेपासून थांबा बंद. खाली बसखात्याचा साहेब म्हणून सही तुझी. सही झोकदार आहे हो.

त्या शून्यातली नऊ म्हातारी माणसं तिथेच उभी राहून ऐकत होती, दोघं आम्ही धरून. त्याचं असं आहे, कार्ड लावायचं यंत्र पुढच्या दाराशी, आणि तिथली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर. ड्रायव्हर भला माणूस. "आजी, मागून चढा, कार्डाचं राहू द्या," म्हणतो. वर्षभर आम्ही त्याला दुवा देत मागूनच चढलो. त्या भलेपणानं आम्हाला पुसून टाकलं.

मग आकडा वाढवायचा ठरलं. मंगळवारी सगळे एकमेकांना ढकलत पुढून चढलो आणि एकेकानं वीस-वीस वेळा कार्ड लावलं. (ह्यांनी तर धाप लागेपर्यंत.) यंत्रानं लबाडी समजून नऊही कार्डं बंद केली. काल नुसते मोजणीत नव्हतो, आज चोर झालो.

पुढचा थांबा पुलापलीकडे आहे. डायलिसिसहून आलेला माणूस पन्नास पावलांत खाली बसतो. दोन-तीन खेपा चुकल्या की काय होतं, ते डॉक्टरांनी मला सांगितलंय. ह्यांना मी सांगितलेलं नाही.

तुझी आजी

ता.क. खोटा आकडा लिही असं म्हणत नाही. एक तारखेच्या आत एका सकाळी आमच्या थांब्यावर उभा राहा आणि बोटांवर मोज. मग काय ती सही कर.

ता.क. ड्रायव्हरचं नाव विचारू नकोस. सांगणार नाही.

ता.क. खायला फळं पाठवू नकोस, ह्यांना चालत नाहीत आणि मग नुसती बघत बसतात. बिनमिठाची बिस्किटं पाठव. पुडे दोनच. थांबा राहिला तर आणखी मागवीन.