माटीकोरचा ताशा

अल्फारेटा, जॉर्जिया
रविवार, ८ जून

चि. देवदत्त,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. नरेंद्रचा गुडघा सुधारला, स्वभाव होता तिथेच आहे. सीमाचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. तिला म्हणावं, महिनाभर वाकायचं नाही. आणि तुला म्हणते, तिला वाकायला लावायचं नाही. स्वतःचे मोजे स्वतः शोध.

फोन असताना पत्र कशाला, असं तू विचारशीलच. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. कागदाला मध्येच 'ते असू दे गं ताई' म्हणता येत नाही. आमच्या ढोलताशा पथकाचा सेक्रेटरी श्रीरंग शुक्रवारी पुण्याला निघालाय. त्याच्या बॅगेत हे पत्र आणि सीमासाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या देते आहे.

ऑगस्टअखेरीला तू येणार म्हणून इथे नुसती धांदल आहे. खुद्द देवदत्त सर पुण्याहून येऊन आमच्या गणपतीची मिरवणूक उभी करणार, याचा पोरांनी धसकाच घेतलाय. दर रविवारी पार्किंग लॉटमध्ये सराव असतो. डांबर इतकं तापतं की बुटांचे तळवे चिकटतात. पण आठवडाभर मीटिंगमध्ये कावलेली ही आयटीतली मुलं रविवारी ढोलावर असा राग काढतात की बघत राहावं. 

ताशाच्या रांगेत कोण कोण आहे असं तू विचारलंस. ते श्रीरंग सांगेल.

मला तुला दुलारीबद्दल लिहायचं आहे. दुलारी रामखेलावन. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, त्रिनिदादची. कॅरिबियन समुद्रातलं बेट ते. तिचे पणजोबा बिहारमधून तिथल्या उसाच्या मळ्यात मजुरीला गेले आणि तिथलेच झाले. ही चाळीस वर्षांपूर्वी इथे आली आणि आता घरं विकते. स्टोन माउंटनच्या बाजूला बसस्टॉपच्या बाकांवर तिचा हसरा फोटो आहे. 'सगळं गाव माझ्या तोंडावर बसून बसची वाट बघतं,' असं तीच सांगते.

एप्रिलमध्ये ती आमच्याकडे कुणाला तरी घर दाखवायला आली होती. आमचा सराव कानावर पडला तशी तिने गाडी सरळ पार्किंग लॉटमध्ये घातली. उतरली, तडक ताशापाशी गेली आणि म्हणाली, "हे आमचं आहे."

श्रीरंग म्हणाला, "नो मॅम, धिस इज फ्रॉम पुणे."

दोघंही बरोबर होते. त्यांच्याकडेही ताशाच म्हणतात, आणि झांजेला झांजच. त्यांचा ताशा मातीचा आणि त्यावर बकऱ्याचं कातडं. वाजवण्याआधी तो जाळावर शेकून ताणतात. आपल्या ताशाचं फायबरचं पान बघून तिने नाक मुरडलं. मग माझ्याकडे वळली. मी नेहमीप्रमाणे ध्वज घेऊन उभी होते.

"तू का नाही वाजवत?"

"आमच्यात ताशा मुलगेच वाजवतात," मी म्हणाले.

"एवढं सांगायला इतक्या लांब आलीस?" असं म्हणून ती जी हसली, ती गाडीत बसेपर्यंत हसतच होती. जाताना तिचं कार्ड माझ्या हातात कोंबलं. मला आधी राग आला. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला.

त्यांच्याकडे लग्नाच्या दोन दिवस आधी माटीकोर असतो. सगळा बायकांचा कार्यक्रम. वाजतगाजत जायचं, धरतीमातेची पूजा करायची, कुदळीने माती खणायची आणि ती माती लग्नाच्या वेदीसाठी घरी आणायची. मग बायकाबायका जो काही धुडगूस घालतात, तो पत्रात लिहिण्यासारखा नाही. पुरुषांना तिथे सक्त मनाई. फक्त ताशा वाजवणारे सोडून. म्हणजे बघ, बायकांचा एवढा एक कार्यक्रम, आणि त्याची लय पुरुषांच्या हातात! दुलारीच्या घरी तिचे वडील आणि भाऊ वाजवायचे. हिचं काम जाळ सांभाळायचं आणि ताशे शेकून त्यांच्या हातात द्यायचं. हिने वाजवायला मागितला तर 'बाईच्या हातात ताशा शोभत नाही' असं म्हणून विषय बंद.

आता तिची नात केली-ॲन हिचं ऑगस्टमध्ये लग्न आहे. पोरीने आजीला सांगितलंय, माझ्या माटीकोरला एकही पुरुष नको, वाजवायलासुद्धा नको. त्यांच्या मंदिराच्या कमिटीने बायकांच्या सरावाला हॉल दिला नाही, म्हणून दुलारीने आपलं गॅरेज रिकामं केलं. शनिवारी तिथे सहा जणी वाजवतात. एक नर्स आहे, एक शाळेत गणित शिकवते, दोघी कॉलेजातल्या. बाकीची वाद्यं झाली. सगळ्यांत पुढे चालणारा, सगळ्यांना इशारा देणारा जो ताशा, त्याला त्या कटर म्हणतात. त्याच्यासाठी वेगवान हात हवा. दुलारीच्या मनगटाला संधिवात आहे, ती शिकवू शकते पण तासभर वाजवू शकत नाही. कटर कोण वाजवणार, त्याचं बघू काय होतं ते.

मी शनिवारी तिकडे जाते. चहाबिहा होतो. वेळ बरा जातो.

सीमाला आशीर्वाद. येताना काही आणू नकोस, इथे सगळं मिळतं. तिळाची चटणी तेवढी आण.

तुझी ताई


अल्फारेटा
सोमवार, १८ ऑगस्ट

चि. देवदत्त,

आशीर्वाद. हे पत्र फोटो काढून पाठवते आहे, कारण तू विमानात बसायच्या आत तुझ्या हाती पडायला हवं. पुरतं वाच. मध्ये फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

तू ठरवलेली रांग श्रीरंगने ग्रुपवर टाकली. ताशे बारा, बाराही पुरुष. खाली तुझी ओळ: 'मुलींनी ढोल, झांज, ध्वज. दोन तास ताशा चालवायला मनगट लागतं.' वा रे वा! पुण्यात आता किती पथकांत मुली ताशा वाजवतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कुशचं नाव तुझ्या रांगेत आहे. त्याने मार्चमध्ये पहिल्यांदा काड्या हातात घेतल्या. आणि दोन वर्षं मेहनत करणारी नैना, इथला सगळ्यांत चांगला हात, ती झांजेवर! मी श्रीरंगला फोन केला तर तो म्हणाला, "मावशी, प्लीज, सरांनी फायनल केलंय, मी फक्त फॉरवर्ड करतो." नैनाला विचारलं तर ती म्हणाली, "काकू, इट्स फाइन, मी झांज मॅनेज करीन."

तिचं ते 'इट्स फाइन' मला झोंबलं, देवा. चौदाव्या वर्षी मीही हेच म्हणाले होते, फक्त मराठीत.

आता सांगते. दर शनिवारी मी दुलारीकडे चहाला जात नव्हते. कटर मी वाजवते. दुलारीने जूनच्या आधीच विचारलं होतं आणि मी आढेवेढे न घेता हो म्हटलं होतं. मागच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तू हसशील असं वाटलं. आता हसलास तरी चालेल.

शुक्रवारी माटीकोर झाला. दुलारीच्या घरामागे मोठी हिरवळ आहे, भोवती लाकडी कुंपण. साठ-सत्तर बायका जमल्या. दुलारीचा धाकटा भाऊ फ्लोरिडाहून स्वतःचे ताशे व्हॅनमध्ये घालून आला होता. नाव बॉयसी, वय पासष्ट. आपल्यावाचून माटीकोर होईल हे त्याला पटतच नव्हतं. केली-ॲन हळदीच्या अंगाने फाटकापर्यंत गेली आणि म्हणाली, "अंकल, आय लव्ह यू, बट नो." बिचारा व्हॅनला टेकून फुरंगटून उभा राहिला.

त्यात हवा दमट. जॉर्जियाचा ऑगस्ट तो. कातडी सैल पडायला लागली आणि बायकांनी ड्राइव्हवेवर पेटवलेला जाळ नुसता धुमसत होता. बॉयसीने जेमतेम पाच मिनिटं दम धरला. मग शिव्या घालत आला, लाकडं हलवली, जाळ केला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच बसून राहिला. एकेक ताशा शेकून कुंपणावरून आत देत होता. "सैल वाजवून माझ्या बापाचं नाव घालवाल," असं दर वेळी ऐकवायचा. पण पठ्ठ्याने एकही ताशा ढिला पडू दिला नाही. मनातून मला तो फार आवडला.

मी वाजवलं. चांगलं वाजवलं, हे मीच सांगते, कारण तू काही विचारणार नाहीस. दुलारीने कुदळीला सिंदूर लावला, माती खणली, आणि मी इशारा दिला तशा आमच्या सगळ्या जणींनी एकदम ठेका उचलला. एक सत्तरीची बाई वांगं हातात घेऊन जे नाचली ते सीमाला एकटीला सांगेन. मनगट? सव्वा तास चाललं. चौसष्टाव्या वर्षी. मंदिराच्या कमिटीच्या अध्यक्षांची बायको मला मिठी मारून म्हणाली की तिच्या दोन्ही मुली पुढच्या शनिवारपासून येतील, आणि हॉलचं ती नवऱ्याशी बोलेल. ती ज्या आवाजात 'बोलेल' म्हणाली, त्यावरून हॉल मिळाला असं समजायला हरकत नाही.

आश्लेषाने ॲन आर्बरहून फोन केला होता. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, मामाला कसं सांगू? तर तुझी लाडकी भाची म्हणते, "आई, जस्ट टेल हिम." तिच्या पिढीला सगळं जस्ट असतं. पण ते खरं आहे, म्हणून सांगते.

तुझ्या पथकाचा दचका. वेग वाढत वाढत जातो, मध्येच सगळे ताशे गप्प होतात, लोकांना वाटतं चुकलं, आणि मग तो कोसळतो. गेली पस्तीस वर्षं 'देवदत्तचा दचका' ऐकायला लोक चौकात पाय दुखेपर्यंत उभे राहतात. मी टीव्हीवर तुझी मुलाखत बघितली. दचका कसा सुचला असं त्या मुलीने विचारलं, तर तू म्हणालास, 'वडिलांचे आशीर्वाद.'

देवा, तो हात, तो ठेका माझा आहे. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, तिसऱ्या कुणाला माहीत नाही. आप्पा तुला बाहेर ताशा शिकवायचे आणि मी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याच्या झाकणावर दोन चमच्यांनी वाजवायची. तू ओट्याखाली बसून ऐकायचास. आप्पांच्या चपला दारात वाजल्या की मी हात थांबवायची. ते पुढे गेले की उरलेला हात पुरा करायची. तू अकरा वर्षांचा होतास, तुला वाटलं तो थांबा त्यातलाच आहे. तू थांब्यासकट पाठ केलास आणि गणपतीत वाजवलास. आप्पांनी तुला उचलून घेतलं. मी आईच्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवल्या. कुणी तरी विचारलं, तुला नाही का येत? मी म्हटलं, असू दे.

तुला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणायची फार इच्छा होते, पण म्हणत नाही. तू त्या हातावर आयुष्यभर घाम गाळलास, पोरं घडवलीस. ते तुझंच. पण मला राग होता. अजून आहे. आणि तुझ्यावर माया आहे म्हणूनच तो इतकी वर्षं बाहेर पडला नाही.

गॅरेजमध्ये सरावाला मी तो हात पहिल्यांदा वाजवला आणि मधे थांबले. दुलारीने विचारलं, "थांबलीस का?" मी तिला आप्पांच्या चपलांचं सांगितलं. ती ताशे शेकत बसलेली, वर न बघता म्हणाली, "आता कोणी येत नाहीये. वाजव."

मी रडले. मग वाजवला.

तर आता तुझ्या रांगेविषयी. नैना ताशावर. तिच्या शेजारी, मधोमध, मी. ध्वज कुशला दे, उंच आहे, त्याला शोभेल. हे कबूल नसेल तर विमानतळावर घ्यायला नरेंद्र येईल आणि तुला हॉटेलवर सोडेल. तिथे नाश्ता फुकट असतो. कबूल असेल तर मी येईन, आणि घरी तुझ्यासाठी भरली वांगी असतील. मुलाखतीतलं काय खोडायचं आणि काय नाही, ते तुझं तू ठरव. मी त्यासाठी भांडणार नाही.

मिरवणुकीत तो हात मी पुढून उचलणार आहे. मधे थांबणार नाही. पोरांना आधी सांगून ठेव, नाहीतर सवयीने थांबतील.

तुझी ताई, आणि ताशावर,
सुनेत्रा