भिंतीवरची रोवणी

१२ जुलै, फुलचूर
आले एकदाची गोंदियात. चिखल, मच्छर, हिंदीत भाव करणारे भाजीवाले, तरी आवडलं. माझी तीन वर्षांची पिंकी तर घरमालकीण अंजनाताईंच्या स्वयंपाकघरातच मुक्कामाला गेली.

नोकरी मजेची आहे. आमचे मालक लीलाधरभाऊ, त्यांनी लोकांना बघायला शेतीचं दालन काढलंय, त्यातली एक अख्खी भिंत म्हणजे धानाची बांधी, भाताचं खाचर. समोर वाकून रोप खोचल्यासारखा हात केला, की कॅमेरा बघतो, भिंतीवर पाणी डुचमळतं, आवाजही येतो आणि रोप उभं राहतं. ती यंत्रणा सांभाळायची मी. पण वर्ध्याच्या बाईला रोवणी काय कळणार? मी वाकले तर गवत उगवलं.

१५ जुलै
भाऊंनी कामठ्याहून धुरपताबाईंना आणलं. त्यांच्यासारखी रोवणी पंचक्रोशीत कोणाची नाही म्हणे, म्हणून मशीनला त्यांचाच हात शिकवायचा. बाई फरशीवर मागे मागे सरकत गेल्या आणि भिंत हिरवीगार झाली. म्हणाल्या, चिखल नाही, जळू नाही, असं रोवणं तं मी जलमभर करीन.

१९ जुलै
दालन उघडलं तर समोर कोणी नसताना भिंतीवर रोवणी चालू. तोच हात, तेच मागे सरकणं. कॅमेरा पुसला, तार काढून लावली. चालूच. डोकं फिरलं माझं. भाऊ म्हणाले, चालून राहिलं ना, मंग काऊन बोंबलून राहिली?

२० जुलै, रविवार
चैन पडेना, कामठ्याला जाऊन आले. धुरपताबाई बांधावर बसलेल्या, हातात रोपांची जुडी. रोवायचं कसं तेच आठवेना. हात दुखत नाही, लुळा नाही. त्याच हाताने भाकर खातात, पाणी ओढतात. बायका म्हणतात, म्हातारी सोंग करून राहिली. त्यांनी मला विचारलं, कुठं ठेवून आली वं बाई मी माझा हात?

परत आले तर पिंकी झोपलेली. अंजनाताई कौतुकाने सांगत होत्या, दुपारी तिला भिंत दाखवून आणली. पोरगी भिंतीपुढून हलेना, दोन्ही हात वर करून 'उचल' करत राहिली. असा राग आला मला. पण त्यांना तरी काय माहीत.

२१ जुलै
बोलायला लागायच्या आधीपासून पिंकी सकाळी उठली की दोन्ही हात वर करते. आज नुसती उभी. मी करून दाखवलं, तिला कळेना. टाळ्या वाजवते, चमचा धरते. तेवढं एकच नाही.
दालनात गेले. भिंतीवर, रोपांमध्ये, एक छोटी सावली. हात वर.

२२ जुलै
नवरा पुण्याहून फोनवर म्हणतो, रुसली असेल. रुसली म्हणे.
मशीन बंद करायला गेले होते. बटणावर बोट होतं. पण तिचं ते हात वर करणं आत असेल आणि बंद केल्यावर कायमचं— नाही केली.

२३ जुलै
पिंकी माझ्यासमोर बसून रडते. हात मांडीवर. कुशीत यायचंय, पण यायचं कसं—
मीच उचलते. पुन्हा पुन्हा उचलते.

२४ जुलै
भाऊ जेवायला गेलेत. दालनात मी एकटी. सावली माझ्याकडेच बघतेय. थकली, तरी हात खाली घेत नाही. आता भिंतीतून रडण्याचा आवाजही—
वाकले तर काय जाईल, मला कळतंय. घरी ती हात वर न करणारी आणि मी उचलायचं विसरलेली—
बस, चेतना. बघू नकोस तिकडे.
आई म्हणाली ती. आई म्हणाली—
आले गं, आले, एकदाच फक्त, वाकून