बाबांच्या गाडीचा विमा

दीपू,

तू उठशील तेव्हा मी ऑफिसला गेलेली असेन. तुझं इन्सुलिन संपत आलं होतं, नवीन आणून फ्रिजच्या दारात ठेवलं आहे. खाल्ल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

गाडीच्या विम्याचं जमलं. पहिल्या एजंटनं तुझं वय आणि डायबेटिस ऐकून असा आकडा सांगितला की त्यात दुसरी गाडी आली असती. दुसरा म्हणाला, "मॅडम, शुगरचं लिहायचंच कशाला?" त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. शेवटी बाबांच्या फॅक्टरीतल्या गजभिये काकांनी मार्ग काढला. "अगं, तुझ्या बाबानं इतक्या वर्षांत एक क्लेम केला नाही. गाडी दीपूच्या नावावर करा, क्लेम न केल्याची सवलत वारस म्हणून त्याला मिळेल. आणि शुगरचं खरं तेच लिहा." तसंच केलं. हप्ता आपल्याला परवडेल.

माझी हरकत नसल्याचा कागद टेबलावर आहे. त्यावर सही करायला मी फार वेळ लावला. बाबा गेले, गाडी तुला, आणि त्यांनी जपून चालवल्याचं फळही तुलाच, असं वाटत राहिलं. तुला ते हौसेनं गाडी शिकवायला खडकीच्या मैदानावर न्यायचे. मी विचारलं की म्हणायचे, "तुला दारातून बस आहे की." असो. सही केली आहे.

रविवारी मला गाडी शिकव. त्यांनी तुला शिकवली तशीच, त्यांच्याच शब्दांत. जिथे ते ओरडले असतील, तिथे ओरड.

ताई