वर्णानुक्रमे यज्ञेश्वर

ती. स्व. सरोजिनीआत्या हिला,

वसतिगृहाच्या खोली क्रमांक सातमधून यज्ञेश्वरचा साष्टांग नमस्कार. (दोन खाटांमध्ये आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात.) तुझा गुडघा आता कसा आहे? माझी प्रकृती उत्तम, फक्त नाक गळतंय.

माहितीपत्रकातल्या सगळ्या सोयी इथे खरोखर आहेत, खोटं कशाला बोलू? गरम पाणी आहे, ताज्या पोळ्या आहेत, रविवारी तासभर घरी फोन आहे. पण सगळं हजेरीपटाप्रमाणे, आणि आमचे रेक्टरसर पडले मराठीचे, त्यामुळे हजेरीपट नावांच्या वर्णानुक्रमे. आनंद आणि आमोद वाफाळत्या पाण्याने अंघोळ करतात. माझ्यापर्यंत पाणी येतं ते गार आणि पोळी येते ती ढाल म्हणून वापरता येईल अशी. फोनचा तास तर प्रज्ञेशपाशीच संपतो, कारण तो आईला आठवड्याच्या सातही भाज्या सांगतो. मला भाऊ झाल्याचं सरांच्या निरोपातून कळलं. तीन आठवडे झाले, आत्या, आणि मी त्याचं रडणंसुद्धा ऐकलेलं नाही. याचं फार वाईट वाटतं.

आता हे 'य'चं नाव ठेवलं कुणी? बारशाला माझ्या कानात ते तूच सांगितलंस आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी तुझ्या पाठीत धपाटे घातले. (ते कमी पडले, असं हल्ली अंघोळीच्या वेळी वाटतं. राग मानू नकोस.)

शेवटी धीर करून सरांकडे तक्रार केली. सर म्हणाले, "गार पाण्याने बुद्धी तरतरीत होते. तुला गरजही आहे." पण माणूस न्यायी. सोमवारपासून त्यांनी हजेरी आडनावाने लावली. मी खुशीत! आपण क्षीरसागर, म्हणजे 'क'ला 'ष' जोडलेला, म्हणजे पहिल्या दहांत तरी नक्की. तसं मी सरांना समजावूनही सांगितलं. सरांनी फळ्यावर अख्खी वर्णमाला लिहिली, 'ळ'च्या पुढे 'क्ष' काढला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. चौतिसावा होतो, तो अडतिसावा झालो. माझ्या मागे आता फक्त 'ज्ञ', आणि त्या अक्षराच्या आडनावाचा मुलगा आमच्याकडे नाही. (कालपर्यंत माझ्या मागे असलेला सलिल मात्र अभ्यंकर निघाला. तो आता न्हाणीघरातून गाणी म्हणत बाहेर येतो.) तक्रार करू नये, हे शिकलो.

काकांना नमस्कार, अवनीला आशीर्वाद. (ती माझ्याहून सहा महिन्यांनी लहान आहे, हे तिला सांग.)

तुझा आज्ञाधारक,
यज्ञेश्वर

ता. क. रविवारी विश्रांतवाडीला बाळाचं बारसं आहे. त्याचं नाव कृपा करून 'अ'वरून ठेव. तोही पुढेमागे इथेच येईल आणि सरांचा नियम कधीही परत फिरेल.

आ. ता. क. मला बारशासाठी रजा मिळाली आहे, पण घरचं मोठं माणूस न्यायला आल्याशिवाय सर सोडत नाहीत. आईबाबा बाळाच्या गडबडीत आहेत. शनिवारी चार वाजता तू येशील का? रिक्षा थेट फाटकापर्यंत येते, गुडघ्याला त्रास नाही. आलीस तर त्याचं नाव काहीही ठेव, मी चकार शब्द काढणार नाही. मला त्याला एकदा मांडीवर घ्यायचंय.